सत्तावीस आणि बहात्तर

"अंकासाठी तुमच्या नोकरीतलं काहीतरी हलकंफुलकं लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर विचार पडला की माझ्या नोकरीत हलकंफुलकं होतं काय? मी तोंडवलीला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस खोलीत नोकरी केली. दर्यावर गेलेल्या माणसांचे आवाज ऐकायचे आणि ज्यांचे ऐकू येत नाहीत त्यांची काळजी करायची, एवढंच काम. पगार पहिल्या कामाचा मिळायचा, दुसरं मी फुकटात केलं.

खोली वाळूच्या अगदी कडेला. एक टेबल, त्यावर वायरलेसचा सेट, एक फोन, आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. सकाळ-संध्याकाळ मी लाँचींना नावानं हाक मारायची आणि त्यांनी ओ द्यायची. कुठे आहात, मासळी कशी आहे, वारा कुठला आहे, परत कधी येणार. कुणी ओ दिली नाही तर बहुतेक वेळा सेट बंद असायचा, नाहीतर तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा म्होरक्या, जाळं ओढण्यात गुंतलेला असायचा. पण हे नंतर कळतं. ओ येईपर्यंत माझ्या जिवाचा घोर काही सुटत नसे. घरात मला म्हणायचे, "ही पाण्यात न उतरता बुडता." खोटं नव्हतं ते.

पुढे लाँचींवर ती नारिंगी यंत्रं आली. पाण्याच्या बाटलीएवढं यंत्र. झाकण उघडून बटण दाबलं, किंवा यंत्र पाण्यात पडलं, की ते आपला क्रमांक वर उपग्रहाकडे पाठवायचं. तिथून तो फिरत फिरत यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या टेबलावर यायचा आणि कंपनी आम्हाला फोन करायची, अमुक क्रमांक संकटात आहे. लाँच नेमकी कुठे आहे ते कधी लगेच कळायचं, कधी बऱ्याच वेळानं. म्हणजे पहिल्या घटकेला हातात असायचा फक्त एक दहा आकडी क्रमांक. नाव नाही, जागा नाही, आवाज नाही. जी काही माणसं असायची ती त्या दहा आकड्यांत.

म्हणून त्या आकड्यांवर माझा पहारा असायचा. फोनवर ऐकलेला क्रमांक बरोबर उतरला का, हे बघायला माझ्याकडे दोन चाळण्या होत्या. पहिली शाळेतली. आमच्या मास्तरांनी नवाचा ताळा घोटून घेतला होता. क्रमांकातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, त्या बेरजेतल्या आकड्यांची पुन्हा, असं एकच आकडा उरेपर्यंत. प्रत्येक लाँचीचा ताळा मला पाठ होता, हिचा चार, तिचा सात. दुसरी चाळणी कंपनीची. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा आकडा मिळवून त्यांची तिप्पट करायची, मधले दुसरा, चौथा, सहावा, आठवा त्यात घालायचे. मग जी संख्या येईल ती पूर्ण दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तोच शेवटचा, दहावा आकडा. म्हणजे शेवटचा आकडा बाकीच्या नवांवर राखण बसलेला असतो. कुठलाही एक आकडा चुकला की हिशेब बिघडतो आणि चोर सापडतो.

आचऱ्याच्या एका मालकाला ह्याचा मोठा अचंबा. त्यानं फोनवरून आपल्या यंत्राचा क्रमांक सांगितला आणि मी म्हटलं, "चुकलात, परत वाचा." त्यानं चष्मा शोधून परत वाचला, तर खरंच एक आकडा चुकला होता. "बाय, तुमी हय येवन कधी बघलास?" तो विचारायला लागला. मी तिप्पट-बिप्पट समजावून सांगितली, पण पुढे तो लोकांना सांगत सुटला की तोंडवलीच्या वायरलेसवाल्या बाईच्या अंगात वारं येतं. मी ते खोडून काढलं नाही. मला तेव्हा त्या चाळण्यांचा गर्व होता, लपवून काय करू?

आता यंत्रं वाटायच्या दिवसाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. चेअरमननी आधी ठरवलं होतं की नाव पुकारीन त्यानं पुढची पेटी उचलायची. पण आमची माणसं कुठली ऐकायला? गाडीचा नंबर बघून घेणारी, लग्नाची तारीख मिळवून बघणारी माणसं. हॉलभर सगळे उकिडवे बसून पेट्यांवरचे आकडे बोटांवर मिळवत होते. आठ कुणालाच नको, आठ शनीचा. चारही नको. सगळ्यांना पाहिजे नऊ. एकानं तर आठ बेरजेची पेटी पायानंच बाजूला सारली, हातसुद्धा लावला नाही.

आमच्या ह्यांना नवाची पेटी लवकर मिळाली. ४१८०३४५२७२. बेरीज छत्तीस, म्हणजे नऊ. ती त्यांनी आमच्या लाँचीला, 'सातेरी'ला लावायची ठरवली. ह्यांचा धाकटा भाऊ दिगंबर, माझा दीर, घरातला दिगू. त्याची लाँच 'रवळनाथ'. लहानपणापासून दादाचं जे असेल तसंच ह्याला पाहिजे. दादानं चप्पल घेतली की ह्याला तीच. "वैनी, माकाय दादासारखोच नंबर होयो," म्हणत त्यानं अर्धा हॉल पालथा घातला आणि शेवटी एक पेटी डोक्यावर धरून नाचत आला. ४१८०३४५७२२. तेच दहा आकडे, फक्त मधले दोन आणि सात उलटसुलट. ह्यांचा सत्तावीस, त्याचा बहात्तर. सगळे हसले. "सख्खे भाव म्हणजे असे!" चेअरमन म्हणाले. मीही हसले. दिगूची बायको सुनंदा, माझी जाऊ, तिनं दोन्ही पेट्यांना हळदकुंकू लावलं.

खरी गंमत झाली ती त्या वर्षीच्या खंडेनवमीला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी कोयता पुजतो, सुतार रंधा, आणि आमच्याकडे लाँचीचं इंजिन, जाळ्याच्या सुया, सगळं. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाही. त्या वर्षी पूजेत ही नवी यंत्रंही आली. आणि पूजेला वस्तू ठेवायची तर घरची बाई ती आधी स्वच्छ धुणार, हे ओघानंच आलं. वाडीवाडीतल्या बायकांनी यंत्रं बादलीत बुचकळून, चिंच लावून घासली. यंत्रांना काय कळतं, दर्या कुठला नि बादली कुठली? त्यांना वाटलं आपण बुडालो. माझ्या फोननं दुपारभर दम घेतला नाही. कंपनीवाले घाबरले की अख्खी तोंडवली बुडाली. मी घरोघर ओरडत फिरले, "धुवू नको गो, फूल ठेव फक्त!" एकीनं तर मलाच सुनावलं, "पारोश्या वस्तूची पूजा करू?"

तेव्हापासून यंत्र बोललं की पहिला अंदाज हाच, कुणीतरी धुतलं असेल. मी मात्र एक नियम धरला. यंत्रावर एक बारीक दिवा असतो, यंत्र बोलत असलं की तो उघडझाप करतो. तो दिवा कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगेपर्यंत मी कुठलाही इशारा खोटा म्हणायचा नाही. चेअरमनना हा नियम म्हणजे माझी कटकट वाटायची.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. 'सातेरी' वाळूवर ओढलेली, इंजिनाला झेंडूचा हार, नारळ फोडून झालेला. बाकीच्या लाँचीही तशाच रांगेत. दिगूची 'रवळनाथ' तेवढी आली नव्हती. आदल्या दिवशी गेला होता, सोबत दोन खलाशी. सकाळच्या हाकेला त्यानं ओ दिली होती. "निवतीच्या भायर आसंय वैनी. बांगडो बरो गावता. दुपारच्या आत येतंय, माझो निवेद ठेवा." त्याच्या आवाजात बांगडा मिळाल्याची खुशी होती. मी म्हटलं, "दक्षिणेचं आभाळ बरं नाही, जाळं आवर." तो म्हणाला, "एक खेप," आणि बंद केलं.

दुपारी वारा फिरला. खिडकीतून दिसत होतं, पाण्यावर दक्षिणेकडून काळसर पट्टा चढत येत होता. दिगूचा पत्ता नव्हता. चेअरमन ऑफिसच्या पूजेसाठी आले होते, शेजारच्या खोलीत प्रसाद वाटत होते. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतली मुलगी. आवाज कोवळा, पण स्पष्ट.

"मॅडम, संकटाचा संदेश आहे. ठिकाण आलेलं नाही. क्रमांक लिहून घ्या. चार, एक, आठ, शून्य, तीन, चार, पाच, दोन, सात, दोन."

क्रमांक ऐकायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे दिगू होता, हे कबूल करते. हात आकडे लिहीत होता. पण आकडे आमच्या 'सातेरी'चे निघाले. मी हिशेब केला. चार, आठ, तीन, पाच, सात म्हणजे सत्तावीस, तिप्पट एक्याऐंशी. मधले मिळवून अठ्ठ्याऐंशी. शेवटचा दोन, नव्वद. बरोबर. नवाचा ताळा, बरोबर. खिडकीतून बघितलं तर 'सातेरी' समोर वाळूवर हार घालून बसलेली आणि आमचे हे तिच्या सावलीत चहा पीत होते. माझा जीव भांड्यात पडला. मला हसूच आलं.

मी उतरवताना मोठ्यानं म्हटलेले आकडे चेअरमननी दारातूनच ऐकले होते. "धुतल्यान असतला मेल्यान. खोटो म्हणान सांग आणि प्रसाद घे."

मी त्या मुलीला म्हटलं, "थांबा, दिवा बघून सांगते," आणि वाळूत उतरले. ह्यांनी यंत्र इंजिनाच्या फळीवर ठेवलं होतं, वर एक झेंडूचं फूल. कोरडं ठणठणीत. दिवा बंद. झाकणाची पट्टीसुद्धा जागची हललेली नव्हती.

"धुतलंत?" मी विचारलं.

"मी कित्या धुतंय? तूच सांगलंस ना, पाणी लावू नको म्हणान."

आणि तिथं, उन्हात उभ्या उभ्या, मी यंत्र उचलून उलटंपालटं करून बघितलं. क्रमांक म्हणत होता की हे यंत्र ओरडतंय. यंत्र माझ्या हातात गप्प होतं. मग ओरडतंय कोण?

मी पळत खोलीत आले आणि वायरलेसवर हाका मारायला लागले. "रवळनाथ, रवळनाथ, तोंडवली बोलतेय." काही नाही. नुसती खरखर. मग कंपनीला फोन लावला. क्रमांक चुकला असणार, परत तपासा.

"मॅडम, आमच्याकडे हाच लिहून आलाय. आणि आमची सिस्टीम चुकीचा क्रमांक घेतच नाही, तुम्हाला माहितीय ना?"

माहीत होतं. मीच आजवर सगळ्यांना तेच सांगत आले होते. चेअरमन म्हणाले, "मगे झाला तर. कंपनीचो काहीतरी घोळ." पण मला बसवेना. मी कागद ओढला. एक आकडा चुकला असता तर चाळणीनं धरला असता. दोन शेजारचे आकडे उलटे झाले असते तर? मी एकेक जोडी उलटी करून हिशेब मांडायला लागले. चारच्या जागी एक, एकच्या जागी चार, बिघडला. पुढची जोडी, बिघडला. प्रत्येक वेळी चाळणी चोर पकडत होती आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की चेअरमनच खरे. मग दोन आणि सात आले. ते उलटे केले. आता बावीसची तिप्पट सहासष्ट, त्यात बारा, अठ्ठ्याहत्तर. शेवटचा दोन. ऐंशी.

बरोबर! तोही बरोबर!

मी दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहिले. दोन आणि सात यांच्यात पाचाचा फरक. उलटे केले की हिशेब नेमका दहानं हलतो, आणि दहानं हललेलं ह्या चाळणीला दिसत नाही. आणि नवाचा ताळा? आकडे तेच, तर बेरीजही तीच. त्याला उलटसुलट कधी कळतच नाही. दोन्ही चाळण्यांना एकाच जागी भोक. दिगूनं हट्टानं दादासारखाच क्रमांक उचलला होता, आणि दोघांच्या क्रमांकांत उलटी होती ती नेमकी पाचाच्या फरकाची जोडी. पाचाचा फरक नसलेली कुठलीही जोडी असती तर चाळणीनं धरली असती आणि मी वाचले असते. मी कागदावर लिहिलेला क्रमांक बघत होते, ४१८०३४५७२२, आणि मला हॉलमध्ये पेटी डोक्यावर धरून नाचणारा दिगू दिसत होता.

हे तोवर दारात आले होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. "काय झाला?"

"दिगूचं यंत्र असेल," मी म्हटलं. "आकडे उलटे झाले तर तुमच्यावर येतं."

"असतला की आसा? खात्री आसा तुका?"

इतकी वर्षं दर्यावरच्या लोकांशी बोलले, पण एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं आणि चुकले तर पुजलेलं इंजिन हलवून ह्यांना त्या वाऱ्यात मीच ढकलणार. नाही म्हटलं आणि चुकले तर दिगू पाण्यात. ओ न येण्याची शंभर साधी कारणं असतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

"खात्री नाय," मी म्हटलं. "पण दुसरा उत्तर गावना नाय."

"एका आकड्यार इंजिन सुरू करतलंस?" चेअरमन ह्यांना म्हणाले. "पूजा झालेली आसा, वसंता. आणि वारो बघ. नंबर बरोबर आसा म्हणान ती स्वताच सांगता."

हे वाळूत गेले, इंजिनाचा हार काढला, आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून परत येऊन माझ्या हातात दिला. मग हाका मारून चार माणसं गोळा केली आणि 'सातेरी' पाण्यात ढकलली. चेअरमन तोंडानं नको नको म्हणत होते, पण शेवटी त्यांनीही धोतर खोचून खांदा लावला, हे लिहिलं पाहिजे.

मी परत कंपनीला फोन लावला. त्या मुलीला सत्तावीस-बहात्तर सांगितलं, दिगू सकाळी निवतीच्या बाहेर होता तेही सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या अंदाजावरून क्रमांक बदलायचा मला अधिकार नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बाळा, माझा दीर आहे." ती हळूच म्हणाली, "बदलत नाही. पण पुढे शोधणाऱ्यांना कळवताना मी दोन्ही लाँचींची नावं कळवते. आणि निवतीच्या बाहेर म्हणून लिहिते." त्या मुलीचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही.

मग उरलं वाट बघणं. तेवढ्यात सुनंदा आली. ताटात झाकलेला नैवेद्य, केसांत अबोली. तिला दिगूच्या येण्याची वेळ विचारायची होती. आत येऊन तिनं माझ्या हातातला हार बघितला, मग खिडकीतून रिकामी वाळू बघितली.

"दादा खंय गेले गो?"

खोटं बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. बर्फ आणायला, डिझेल आणायला, काहीही. पण तिच्या माणसाविषयी मला जे वाटत होतं ते तिच्यापासून लपवायचा मला काय अधिकार? मी तिला बसवलं आणि सांगितलं. तिनं क्रमांक दाखव म्हटलं. मी दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहिलेले दाखवले. तिचं बोट दोन आणि सातावर थांबलं. तिनंच त्यांना हळदकुंकू लावलं होतं.

"म्हणजे दादांच्या नावार आमचो माणूस बुडता, आणि सगळे म्हणतत दादा तर हयच आसत," ती म्हणाली. "असाच ना?"

असंच होतं. मी एवढी कागद भरून मांडणी केली, तिनं एका वाक्यात सांगितलं. ती रडली नाही. ताट टेबलावर ठेवलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. मी हाक मारत राहिले, 'रवळनाथ'ला आणि 'सातेरी'ला आळीपाळीनं. ह्यांचा आवाज यायचा, तुटक, वाऱ्यात फाटलेला. "काय दिसना नाय." पुन्हा थोड्या वेळानं, "काय नाय." मग त्यांचाही आवाज येईनासा झाला.

त्या वेळेचं मी काय सांगू? सेटची खरखर, फडफडणारी खिडकी, आणि माझ्या डोक्यात एकच. मी चुकले असेन तर? दिगू आता कुठल्यातरी बंदरात आडोशाला जाऊन चहा पीत असेल तर? आणि हे त्या लाटांत? दोन्ही भाऊ माझ्या एका पेन्सिलीवर टांगलेले. जो आकडा मला सगळ्यात पक्का वाटायचा, तोच मला घाबरवत होता. सुनंदानं माझा हात धरला तेव्हा कळलं की मी हाराची फुलं एकेक करून कुस्करून टाकली होती.

दिवस मावळायला आला तेव्हा सेट खाकरला. आधी नुसता वारा. मग ह्यांचा आवाज, ओळखू न येण्यासारखा.

"गावले."

"कोण? किती?" मी ओरडले.

"तिघय. तिघय गावले. लाँच गेली."

सुनंदा तेव्हा रडली. टेबलावर डोकं ठेवून, नैवेद्याच्या ताटाशेजारी. मी पण. चेअरमन दारात उभे होते, ते पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिले.

पुढचं नंतर कळलं. इंजिनात पाणी शिरलं, लाँच आडवी झाली, तिघंही जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून होते. यंत्र दिगूनं छातीशी बांधलं होतं आणि ते बिचारं मनापासून आपला खरा क्रमांक ओरडत होतं. तो वाटेत कुणाच्या हातात उलटा झाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी शोधायचाही फार आग्रह धरला नाही. मीही रोज आकडे उतरवणारी बाई, हात कसा घसरतो ते मला ठाऊक. ठिकाणाचा संदेश मागाहून आला, तोवर 'सातेरी' परत फिरली होती.

गावात मात्र वेगळीच कथा तयार झाली. नवानं तारलं म्हणे! दोघं भाऊ नवाचे, म्हणून एकानं दुसऱ्याला ओढून काढलं. दुसऱ्याच आठवड्यात तिघंजण माझ्याकडे आले, सत्तावीस किंवा बहात्तरची पेटी शिल्लक आहे का विचारत. मी कपाळाला हात लावला. पुढे सोसायटीनं माझ्या कटकटीनं ठराव केला की एकसारख्या आकड्यांची दोन यंत्रं ठेवायची नाहीत. ठराव झाला, पण कुरकुर संपली नाही.

दिगूला लाँच उभी करायला बराच काळ गेला. नवी लाँच पाण्यात उतरली त्या सकाळी तो यंत्र घ्यायला माझ्या खोलीत आला. पूर्वीसारखा बडबडत नाही तो आता. शिल्लक पेट्या कोपऱ्यात होत्या. मी मनाशी तयारी केली होती की हा नऊच मागणार आणि आपण भांडायचं. तो उकिडवा बसला, बोटांवर आकडे मिळवत. मग एक पेटी उचलून त्यानं टेबलावर ठेवली. कडेला बुटाचा जुना ठसा होता, हॉलमध्ये कुणीतरी पायानं सारलेली तीच.

"दिगू, ह्याची बेरीज आठ आहे," मी म्हटलं.

"म्हायत आसा." तो माझ्याकडे न बघता पेटीवरची धूळ पुसत होता. "माका आता दादासारखो नको, वैनी. दादाचो म्हणान कोणाक वाटता नये, असो होयो."

मी तिप्पट करून तपासली, ताळा लावला, जोड्या उलट्या करून बघितल्या. मग त्याच्या हातात दिली.

आता मी निवृत्त आहे. खोलीत नवी मुलगी बसते, हुशार आहे, तिलाही सत्तावीस-बहात्तर शिकवून ठेवलंय. तरी संध्याकाळच्या हाकेच्या वेळी मी घरात असले तरी माझे कान वाळूकडे असतात. खंडेनवमी येते. वाडीतल्या सगळ्या लाँचींची पूजा सकाळीच उरकते, हार पडतात, नारळ फुटतात. आमच्या घरी सुनंदा आणि मी ताट तयार करून वाळूत बसून राहतो. लोक येता-जाता विचारतात, अजून पूजा नाही? हे दर्याकडे बोट दाखवतात. दिगूची लाँच वाळूला लागल्याशिवाय आमच्या इंजिनाला हार पडत नाही.